मुका सोबती

(उन्हाळ्याच्या सुट्टीत अनेक कुटुंबे गावाला किंवा थंड हवेच्या ठिकाणी जातात. अशा प्रवासात घरचा कुत्रा बरोबर असेल, तर काय काय काळजी घ्यावी लागते? पुण्याहून महाबळेश्वरमार्गे कोकणात उतरणाऱ्या घाटवाटेची ओळख करून देत या पाठात त्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.)

मुलांनो, परीक्षा संपली, निकाल लागला, की घरोघरी एकच बोलणे सुरू होते, "सुट्टीत कुठे जायचे?"

समजा, तुम्ही पुण्यात राहता. तुमच्या नानांचे घर कोकणात, पोलादपूरच्या पुढे आहे. यंदा अब्बांनी ठरवले आहे, की गाडीने जायचे. वाटेत महाबळेश्वरला दोन दिवस मुक्काम करायचा आणि मग आंबेनळी घाटाने खाली कोकणात उतरायचे. अम्मीने पिशव्या भरायला घेतल्या आहेत. दादींनी आपली औषधाची डबी आठवणीने वर काढून ठेवली आहे. घरात सगळी गडबड चालली आहे आणि दाराशी मोती बसला आहे. तो एकदा पिशव्यांकडे पाहतो, एकदा तुमच्याकडे.

मोतीचे काय करायचे?

हा प्रश्न लहान नाही. दहा दिवस घर बंद राहणार. शेजारी कोणी त्याला रोज दोन वेळा खाऊ-पाणी देणार असेल, तर त्याला घरी ठेवणेच बरे. तसे कोणी नसेल, तर त्याला बरोबर नेले पाहिजे. काही लोक 'त्याचे तो पाहील' असे म्हणून कुत्र्याला रस्त्यावर सोडून जातात. रोज हातातून खाणारा प्राणी एकाएकी उकिरड्यावर अन्न कसे शोधणार? पाळलेल्या प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आपल्या संविधानाने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांतही प्राणिमात्रांवर दया करण्याचे कर्तव्य आहे.

तेव्हा मोती बरोबर येणार. आता तयारी करू या.

निघण्यापूर्वी

पहिली फेरी जनावरांच्या दवाखान्याची. कुत्र्याचे पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की त्याला रेबीजची लस देतात. पुढे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. तो झालेला कुत्रा माणसाला चावला आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर माणूस वाचत नाही. फ्रान्समधील लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलाला या रोगाची लस टोचली. पिसाळलेला कुत्रा चावलेला तो मुलगा वाचला. आज ही लस आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतही मिळते. कोणताही कुत्रा चावला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट असे काही जखमेवर लावू नका.

मोतीला लस दिल्याचे कार्ड बरोबर घ्या. त्याच्या गळपट्ट्याला एक छोटी पट्टी अडकवा आणि तिच्यावर अब्बांचा फोन नंबर लिहा. अनोळखी गावात मोती हरवला, तर तो स्वतःचा पत्ता सांगू शकणार नाही. तो पत्ता त्याच्या गळ्यातच असला पाहिजे.

त्याच्या पिशवीत पाण्याची वेगळी बाटली, पसरट भांडे, रोजचे खाणे, दोरी, जुनी चादर आणि एक टॉवेल ठेवा. घरात कोणाला कुत्रा अगदी जवळ आलेला आवडत नसेल, तर त्यांच्या मताचा मान राखा. दादी पुढच्या सीटवर बसतील. मोतीची जागा मागे, त्याच्या चादरीवर. प्रवास सर्वांचा आहे. तो सर्वांना सुखाचा झाला पाहिजे.

मोती कोण आहे?

आपला मोती कारवानी जातीचा आहे, असे समजू. उंच पाय, बारीक कंबर, लांबट तोंड आणि वाऱ्यासारखा वेग ही या जातीची लक्षणे. हे कुत्रे आपल्या दख्खनच्या पठारावरचे. 'कारवाँ' हा शब्द तुम्हांला उर्दूतून चांगला माहीत आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे या भागात आले, म्हणून त्यांना कारवानी म्हणतात, असे सांगितले जाते. यांचेच एक लांब, रेशमी केसांचे भावंड आहे. त्याला 'पश्मी' म्हणतात. 'पश्म' म्हणजे लोकर, हेही तुम्ही ओळखलेच असेल. अशी ही नावे मराठी मुलखात रुजली आणि मराठीच झाली.

कारवानी कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार टिपतो. दूरवर काही पळताना दिसले, की तो त्याच्यामागे सुटतो. मग हाक त्याच्या कानावर पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे डोंगरात ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

उन्हाच्या आधी

पहाटे पाचला निघायचे. मोतीला रात्रीच जेवू घाला. निघण्यापूर्वीच्या तीन-चार तासांत त्याला भरपेट खायला देऊ नका. भरल्या पोटी गाडी लागते, ती माणसाला तशीच कुत्र्यालाही. पाणी मात्र थोडे थोडे देत राहा. दर दोन तासांनी गाडी थांबवून त्याला पाच-दहा मिनिटे फिरवा.

पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. सातारा महामार्गाने जाताना खंबाटकीचा डोंगर ओलांडला, की सुरूर फाट्यावरून उजवीकडे वाईचा रस्ता लागतो. वाई हे कृष्णाकाठचे जुने गाव. मराठी विश्वकोशाच्या संपादनाचे मोठे काम याच गावात झाले.

वाईत पोहोचेपर्यंत ऊन वर आले आहे. अब्बा म्हणतात, "इथे चहा घेऊ." सर्वजण उतरतात. मोती गाडीतच राहतो. काचा बंद आहेत. "पाच मिनिटांत तर येतो," असे कोणीतरी म्हणते.

मुलांनो, इथे थांबा. सगळ्या प्रवासात सर्वांत मोठा धोका हाच आहे. तो घाटात नाही, तर चहाच्या दुकानासमोर आहे.

उन्हात उभी केलेली बंद गाडी भट्टीसारखी तापते. काचेतून ऊन आत येते, सीट आणि पत्रा तापतो आणि आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर दहा मिनिटांत आतले तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. अर्ध्या तासात ते ५० अंशांच्याही वर चढते. काच दोन बोटे उघडी ठेवली, तरी फारसा फरक पडत नाही.

आता कुत्र्याच्या शरीराकडे पाहा. आपल्याला उकडले, की सगळ्या अंगाला घाम येतो. घाम वाळताना अंग थंड होते. कुत्र्याच्या अंगावर दाट केस असतात आणि घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. मग तो अंग थंड कसे करतो? तो तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो आणि भरभर श्वास घेतो. जिभेवरचे आणि तोंडातले पाणी वाफ होऊन उडते आणि त्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर जाते. यालाच आपण धापा टाकणे म्हणतो. पण भोवतालची हवाच भट्टीसारखी झाली, तर धापा टाकून काय उपयोग? निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या वर गेले, की त्याचा जीव धोक्यात येतो. बंद गाडीत हे व्हायला फार वेळ लागत नाही. मोती ओरडला तरी काचेबाहेर ते ऐकू जाईलच असे नाही.

म्हणून नियम साधा आहे. गाडी थांबली, की मोतीही उतरणार. नाही तर कोणीतरी एक जण त्याच्याजवळ थांबणार. आज चहाच्या वेळी तुम्ही थांबा, उद्या ताई थांबेल.

पसरणीचा घाट

वाई सोडली, की लगेच पसरणीचा घाट सुरू होतो. रस्ता डोंगराच्या अंगाला धरून वळणे घेत वर चढतो. खाली कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी आणि शेतांचे चौकोन दिसू लागतात. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरांवर. आपण जसजसे वर जातो, तसतशी हवा विरळ आणि थंड होते. साधारणपणे १,००० मीटर चढल्यावर तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे वाईपासून महाबळेश्वरपर्यंत केवळ उंचीमुळे सुमारे चार अंशांचा फरक पडतो. त्यात झाडी आणि वारा यांचीही भर पडते.

वर चढताना तुमच्या कानांत दडे बसतील. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि कानाच्या आतला दाब तेवढाच राहतो, म्हणून असे होते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली, की कान मोकळे होतात. मोतीलाही हे होते. तो मान झटकेल, पंजाने कान खाजवेल. त्याला थोडे पाणी पाजा. पाणी गिळताना त्याचेही कान मोकळे होतील.

वळणावळणांच्या रस्त्यावर त्याला मळमळूही शकते. त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, तो सारखा ओठ चाटू लागला किंवा अस्वस्थपणे उठबस करू लागला, तर अब्बांना सांगा आणि रुंद, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. त्याला डोके खिडकीबाहेर काढू देऊ नका. घाटात समोरची गाडी हातभर अंतरावरून जाते, झाडांच्या फांद्या आत येतात, धूळ डोळ्यांत जाते.

आणि मोतीला मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून बसवा. तो खेळकरपणे पुढे आला आणि अब्बांच्या पायांत शिरला, तर ब्रेक दाबायचा कसा? एका क्षणाचा प्रश्न असतो. घाटात तेवढाही क्षण मिळत नाही.

पठारावर

घाट चढून आलो, की पाचगणी. गावाच्या वर एक भलेमोठे सपाट पठार आहे. त्याला टेबललँड म्हणतात. हे पठार जांभ्या दगडाचे आहे. हजारो-लाखो वर्षे पावसाने खडकातील काही द्रव्ये धुऊन नेली आणि लोह असलेला तांबूस, सच्छिद्र दगड मागे राहिला. तो हा जांभा.

सकाळी या पठारावर फिरायला मजा येते. दुपारी मात्र दगड तापतो. तुमच्या पायांत चपला आहेत, मोतीच्या पायांत नाहीत. त्याला चालवण्यापूर्वी आपल्या हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवा आणि सात आकडे मोजा. तुम्हांला हात ठेवता आला नाही, तर मोतीलाही पाय ठेवता येणार नाही. डांबरी रस्त्यावरही हीच परीक्षा करा.

येथे भाड्याचे घोडे धावत असतात. कारवानी कुत्र्याची नजर आठवते ना? घोडा धावला, की मोती झेप घेणार. घोडा बुजेल, वरचे मूल पडेल. पठाराच्या कडेला तर खोल दरी आहे. म्हणून दोरी हातात घट्ट हवी. लहान भावाच्या हातात ती देऊ नका. झेपावणारा मोती त्याला ओढत नेईल.

महाबळेश्वर

मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण वसवले. पण या डोंगराचे महत्त्व त्याहून फार जुने आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या येथे उगम पावतात, असे मानतात. त्यांतील कृष्णा पूर्वेकडे वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेकडे उडी घेते आणि थोड्याच अंतरावर अरबी समुद्राला भेटते. डोंगर एकच, पण पाण्याच्या वाटा दोन! आपणही उद्या सावित्रीच्याच बाजूने उतरणार आहोत.

येथे वर्षाला ५,५०० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसावर दाट जंगल वाढले आहे. जंगल म्हणजे वन्य प्राण्यांचे घर. आपण तेथे पाहुणे आहोत आणि मोतीही पाहुणाच आहे.

पॉइंटांवर माकडे असतात. त्यांना खाऊ देऊ नका. मोतीला त्यांच्यावर भुंकायला, धावायला देऊ नका. पाठलाग करताना समोर दरी आहे, हे कुत्र्याच्या ध्यानात येत नाही. संध्याकाळी त्याला मोकळा सोडू नका आणि रात्री बाहेर बांधू नका. या जंगलात बिबट्या आहे आणि कुत्रा ही बिबट्याची आवडती शिकार आहे. मुक्कामाची जागा ठरवतानाच 'कुत्र्याला आत ठेवू द्याल का?' असे विचारून घ्या. रात्री दारात उभे राहून विचारण्यात अर्थ नाही.

धोका फक्त मोतीलाच असतो असेही नाही. गुजरातमधील गीरच्या जंगलात २०१८ साली काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींच्या शरीरात 'कॅनाइन डिस्टेंपर' या रोगाचे विषाणू सापडले. हा रोग कुत्र्यांमध्ये नेहमी आढळतो. म्हणजे लस न दिलेला एक कुत्रा जंगलात रोग घेऊन जाऊ शकतो. मोतीला लस दिली, तर मोती वाचतो आणि जंगलही वाचते. जेथे वनखात्याने कुत्र्यांना मनाई केली आहे, तेथे त्याला नेऊच नका.

बाजारात चणे, चिक्की, जेली, चॉकलेट यांची दुकाने आहेत. तुम्ही खुशाल खा. मोतीला मात्र चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा देऊ नका. हे पदार्थ कुत्र्याला विषासारखे बाधतात. तो कितीही आशेने पाहत असला, तरी मन घट्ट करा.

आंबेनळी घाट उतरताना

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघू. महाबळेश्वरहून पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर आहे. वाटेत प्रतापगडाकडे जाणारा फाटा लागतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५६ साली हा किल्ला बांधायला घेतला.

घाट चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. उतारावर गाडी आपोआप वेग घेते. सतत ब्रेक दाबून धरला, तर घर्षणाने तो तापतो आणि मग नीट लागत नाही. म्हणून जाणकार चालक ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरतो. इंजिनच गाडीला आवरून धरते. उतारावर इंजिन बंद करायचे नाही. वळणावर हॉर्न वाजवायचा. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण असते. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात एक बस दरीत कोसळली आणि अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. घाट सुंदर असतो, पण तो बेसावध माणसाला क्षमा करत नाही. अब्बा गाडी चालवत असताना त्यांना 'तिकडे बघा, इकडे बघा' असे म्हणू नका. मोतीकडे पाहण्याचे काम तुमचे आहे.

कोकणात

पोलादपूर आले. सावित्रीचे पात्र दिसले. सगळ्यांना वाटते, प्रवास संपला. नानांचे घर आता जवळच आहे. पण मोतीच्या दृष्टीने खरी परीक्षा आता सुरू होते.

दोन दिवस तो थंड हवेत होता. आता तासा-दीड तासात आपण हजार मीटरांहून अधिक खाली आलो आहोत. हवा गरम आहे आणि समुद्राजवळची म्हणून दमटही आहे. दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत, हे तुम्ही पाहिले आहे. तसेच कुत्र्याच्या जिभेवरचे पाणीही लवकर उडत नाही. मग धापा टाकूनही त्याचे अंग थंड होत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत जेवढे ऊन त्याला सोसते, तेवढे कोकणात सोसत नाही. तापमान दोन-तीन अंशांनी कमी दिसले, तरी त्रास जास्त होतो. म्हणून कोकणातल्या उकाड्यात तापमानाच्या आकड्यावर विसंबून राहू नका. मोतीकडे पाहा.

त्याची जीभ गडद लाल झाली, तोंडातून घट्ट लाळ येऊ लागली, तो झोकांड्या खाऊ लागला किंवा ओकला, तर त्याला उष्माघात झाला आहे असे समजा. त्याला ताबडतोब सावलीत न्या. पोटावर, मानेवर, पंजांवर साधे पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. जवळ असेल ते पाणी वापरा. तो शुद्धीवर असेल, तर घोट घोट पाणी पिऊ द्या, पण बळजबरीने तोंडात ओतू नका. मग त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. 'आता बरा दिसतो' म्हणून टाळू नका.

मुक्याची भाषा

मुलांनो, या प्रवासात तुम्हांला तहान लागली, तर तुम्ही पाणी मागता. दादींचे पाय दुखले, तर त्या "जरा गाडी थांबवा" म्हणतात. धाकटा भाऊ रडतो. मोतीला यांतले काहीच करता येत नाही. तो कुठे चालला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. घाट किती लांब आहे, पाणी केव्हा मिळेल, हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही गाडीत बसलात, म्हणून तोही बसला.

पण मुका म्हणजे भाषा नसलेला नव्हे. त्याची जीभ, त्याचे कान, त्याची शेपटी, त्याची उठबस ही त्याची भाषा आहे. तुम्ही शाळेत उर्दू शिकता, मराठी शिकता. दुसऱ्याची भाषा शिकायची, तर आधी कान देऊन ऐकावे लागते. मोतीची भाषा डोळ्यांनी ऐकावी लागते, एवढाच फरक. ती ज्याला येते, त्याच्या घरचे मूल, आजारी माणूस, म्हातारे माणूस यांचेही न सांगितलेले दुःख त्याला कळू लागते.

या सुट्टीत तुम्ही प्रवासाला जाल. बरोबर कुत्रा असो, मांजर असो, की पिंजऱ्यातला पोपट असो, गाडीतून उतरताना आधी मागे वळून पाहा. तेथे कोणीतरी तुमची वाट पाहत असेल.

शब्दार्थ

सोबती – साथीदार
वाऱ्यावर सोडणे – निराधार करून टाकून देणे
तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह
खोरे – नदीच्या दोन्ही बाजूंचा सखल प्रदेश
विरळ – दाट नसलेली
सच्छिद्र – बारीक भोके असलेला
उगम – नदीची सुरुवात होते ते ठिकाण
घर्षण – एक वस्तू दुसरीवर घासली जाणे
दमट – ओलसर
उष्माघात – अति उष्णतेमुळे होणारा आजार
बेसावध – सावध नसलेला

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोतीच्या गळपट्ट्यावरील पट्टीवर काय लिहावे?
(आ) कुत्र्याला घाम शरीराच्या कोणत्या भागाला येतो?
(इ) टेबललँड कोणत्या दगडाचे आहे?
(ई) महाबळेश्वरला कोणत्या पाच नद्या उगम पावतात असे मानतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कुत्रा आपले अंग थंड कसे करतो?
(आ) कुत्रा चावल्यास लगेच काय करावे?
(इ) घाट उतरताना चालकाने कोणती काळजी घ्यावी?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कुत्र्याला ठेवू नये.
(आ) डोंगर चढताना कानांत दडे बसतात.
(इ) कोकणातील हवेत कुत्र्याला जास्त त्रास होतो.
(ई) मोतीला लस दिल्याने जंगलही वाचते.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) 'पश्म' या शब्दाचा अर्थ ______ असा आहे.
(आ) कृष्णा नदी ______ उपसागराला मिळते.
(इ) अरुंद घाटात ______ गाडीला आधी वाट द्यावी.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
धापा टाकणे, वाऱ्यावर सोडणे, मन घट्ट करणे, कान देऊन ऐकणे, मान राखणे.

प्र. ६. भाषाभ्यास
(अ) पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
तयारी, हवा, शिकार, दवाखाना, बाजार.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात, पण अर्थ बदलतो. मराठीत 'मुक्काम' म्हणजे प्रवासात राहण्यासाठी थांबणे. मराठीत 'राग' म्हणजे गाण्यातला राग आणि संताप, दोन्ही. असे आणखी दोन शब्द शोधा.
(इ) उर्दूत 'पानी' हा शब्द पुल्लिंगी आहे, तर मराठीत 'पाणी' नपुंसकलिंगी आहे : ते थंड पाणी. पुढील शब्दांच्या आधी 'तो', 'ती' किंवा 'ते' लिहा.
घाट, गाडी, पठार, दरी, जंगल, डोंगर, ऊन, जीभ.

उपक्रम

(१) तुमच्या गावाहून तुम्ही ज्या घाटातून प्रवास केला आहे, त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.
(२) जवळच्या जनावरांच्या दवाखान्यास भेट द्या. कुत्र्याला कोणकोणत्या लसी केव्हा देतात, याची माहिती मिळवून तक्ता तयार करा आणि वर्गात लावा.
(३) पाळीव प्राण्याला दहा मिनिटे शांतपणे पाहा. त्याने न बोलता काय काय सांगितले, ते मराठीत लिहा.